वाघाडीच्या खोऱ्यातील झाडे आणि कास्तकाराची मिळकत

वाघाडी ही काही भूगोलाच्या पुस्तकात ठळक अक्षरांनी छापली जाणारी नदी नव्हे. यवतमाळच्या पठारावर ती उगम पावते, घाटंजीजवळून वाहते आणि दक्षिणेकडे उतरून पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेस, वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता शेवटी गोदावरीच्या पोटात शिरते. एवढ्या मोठ्या परिवारातील ही धाकटी नदी. तिचा इतिहास कोणी मुद्दाम लिहीत नाही. तथापि गेल्या पावणेदोनशे वर्षांत तिच्या खोऱ्यात जे घडले त्यावरून वऱ्हाडच्या कास्तकाराचा संसार कर्जाच्या वाटेस कसा लागला हे जितके स्पष्ट दिसते, तितके ते मोठमोठ्या तहनाम्यांवरून दिसत नाही. या घडामोडीचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे की, कास्तकाराच्या जमाखर्चाच्या वहीतून झाड वजा झाले. आणि झाड वजा होताच त्याच्या मिळकतीचे वर्ष बारा महिन्यांचे होते ते तीन-चार महिन्यांचे उरले.

हा प्रदेश पूर्वी झाडांचा होता यास पुरावा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील गावांची नावेच साक्ष देतात. बाभूळगाव आहे, मोहदा आहे, हिवरा आहे, बोरी आहे. ज्या झाडाखाली वस्ती झाली त्याचेच नाव वस्तीस मिळाले. पठाराच्या उतारावर साग, धावडा, सालई, तेंदू व चारोळी. नदीनाल्यांच्या काठी करंज, उंबर व जांभूळ. आणि खालच्या काळ्या जमिनीत बाभूळ, कडुनिंब, चिंच व आंबा, अशी येथील वृक्षसंपत्तीची साधारण मांडणी. या भूमीत गोंड व कोलाम हे आदिवासी, कुणबी व इतर शेतकरी जाती, आणि बैलांच्या पाठीवरून माल वाहण्याचा धंदा सुटल्यावर तांडे करून स्थायिक झालेले बंजारे, असे नाना प्रकारचे लोक नांदत आले. कोलामांच्या वस्तीस येथे ‘पोड’ म्हणतात आणि बांबूच्या टोपल्या व तट्टे विणणे हे त्यांचे परंपरागत कसब होय.

शहरातील गृहस्थाचा पगार महिन्याच्या महिन्यास येतो. त्यामुळे मिळकत किती यापेक्षा मिळकत केव्हा, हा प्रश्न त्यास फारसा पडत नाही. शेतकऱ्यास मात्र तो प्रश्न पहिला पडतो. कपाशी मृगाच्या पावसावर पेरावयाची, आणि तिची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन संक्रांतीच्या पुढेमागे आटोपावयाची. म्हणजे कापसाचा पैसा हिवाळ्यात येतो व बियाणे, मजुरी, लेकीबाळींचे लग्न आणि पावसाळ्याची बेगमी या सर्वांचा खर्च उन्हाळ्यात उभा राहतो. या दोहोंमधील दरी पूर्वी झाडे भरून काढीत. माघ-फाल्गुनात चिंच झोडावी. चैत्रात पहाटे मोहाखालची जमीन झाडून टपटपलेली फुले वेचावी व उन्हात वाळवून ठेवावी. वैशाखात चारोळी फोडावी व तेंदूची पाने खुडावी. ज्येष्ठात आंबा उतरावा व मोहाच्या बियांचे तेल काढावे. पावसाळा सरताच सीताफळ, त्यामागून आवळा, त्यामागून बोरे. आणि अधूनमधून धावड्याचा व बाभळीचा डिंक. यांतील एकेका जिनसाचे मोल थोडे; परंतु ज्या महिन्यात घरात दमडी नसे नेमक्या त्याच महिन्यात तो जिन्नस हाती येई. सावकाराच्या दारी जाण्याचे दहा प्रसंग असले तर त्यांतील पाच-सहा झाडाने टाळावे, असा हा हिशेब होता.

याशिवाय झाडाची दुसरी एक मिळकत अशी होती की ती वहीत कधी लिहिली जात नसे, कारण ती पैशाच्या रूपाने येत नसे. नांगर, वखर, तिफण, गाडीची चाके व जू ही सारी अवजारे धुऱ्यावरच्या बाभळीतून गावचा सुतार घडवून देई. बाभळीच्या शेंगा शेळ्यांस, साल कातडी कमावण्यास, काटे कुंपणास आणि फांद्या चुलीस. वऱ्हाडात शेताच्या बांधास ‘धुरा’ म्हणतात. हा धुरा म्हणजे केवळ दोन शेतांमधील हद्द नव्हती, तर ते कास्तकाराचे कोठार होते. चुलीस लाकूड मिळे म्हणून शेण शेतात पडे. पुढे जेव्हा धुरे मोकळे झाले तेव्हा शेणाच्या गोवऱ्या चुलीत गेल्या, शेत खतास मुकले आणि तेच खत रोख पैसे मोजून पोत्यातून आणावे लागले. झाड तोडल्याचा तोटा असा चुलीच्या वाटेने शेतात शिरला, आणि तो कोणत्याही वहीत ‘झाड’ या नावाखाली मांडला गेला नाही.

हे स्थित्यंतर केव्हा घडले? इ. स. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. या प्रांताच्या आग्नेय भागाचा निराळा जिल्हा १८६४ साली झाला. तो वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई आणि १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. याच सुमारास सातासमुद्रापलीकडे एक घटना घडली. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले. युद्ध संपले, भाव उतरले. पण कापसाची गोडी उतरली नाही. लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरापर्यंत पोहोचला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत एक अरुंद मापाची आगगाडी केवळ कापसाच्या ओढीने आली. तीच पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने प्रसिद्ध झाली.

वणी जिल्ह्यात त्या वेळी ओसाड गावे पुष्कळ होती. १८६५ च्या पडीत जमिनींच्या नियमांनी अशी गावे मुदतीच्या कराराने लागवडीस देण्यात आली. या पद्धतीस ‘इजारा’ म्हणत. जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द आजही लावला जातो, तो याच इतिहासाचा अवशेष होय. इजारदाराचे हित उघडच रान मोडून शेत करण्यात होते. रान मोडले आणि पठाराच्या उतारावर नांगर चढला.

एकीकडे शेतासाठी रान मोडले जात असता दुसरीकडे उरलेले रान सरकारने आपल्याकडे घेतले. १८८६ च्या वऱ्हाड वनकायद्यानंतर जंगलाची वर्गवारी झाली. इमारती लाकूड व सरपण यांची राखीव जंगले पहिल्या वर्गात; गवताची रमणे व बाभूळबने दुसऱ्यात; आणि गुरचरणाची राने तिसऱ्यात. गावच्या गुरचरणास विदर्भात आजही लोक ‘ई-क्लासची जमीन’ म्हणतात. अक्षरांनी रान मोजण्याची ही सवय त्या काळापासूनची आहे. या व्यवस्थेत दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. ती झाली नसती तर साग मुळासकट जाता, हेही खरे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, झाड म्हणजे सरकारचे व पीक म्हणजे रयतेचे अशी सरळ वाटणी लोकांच्या मनात रुजली. ज्या झाडाची फुले आजा-पणजापासून वेचली त्याच झाडापाशी जाण्यास आता परवानगी लागू लागली. आणि ज्या धुऱ्यावरचे झाड आपले होते ते तरी उद्या आपले राहील की नाही, याची खात्री वाटेनाशी झाली.

तथापि याच वऱ्हाडात वनखात्याने एक पद्धत चालविली होती, आणि तिची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. बाभूळबन तोडून झाले की ती जमीन काही काळ शेतकऱ्यास लागवडीस द्यावयाची, पिकाच्या सोबतीने तासांमध्ये बाभळीचे बी पेरावयाचे, आणि रोपे वाढली म्हणजे पीक थांबवून बन राखावयाचे. पिकाच्या निंदणी-डवरणीबरोबर रोपांचीही निगा फुकट होई. ब्रह्मदेशात सागाची लागवड करण्यासाठी ब्रॅंडिस या वनाधिकाऱ्याने १८५० नंतरच्या दशकात तेथील करेन शेतकऱ्यांच्या साहाय्याने अशीच पद्धत सुरू केली होती. तीस ‘टौंग्या’ असे नाव आहे. हेच ब्रॅंडिस १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. आज ज्यास कृषिवनशेती म्हणतात तिचे बीज असे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पूर्वीच पडलेले होते. उणीव एकच होती. रोपे वाढवी शेतकरी आणि बन होई सरकारचे. झाड वाढविणाऱ्याचा झाडावर हक्क नाही, हा या पद्धतीचा दोष आणि पुढील अनेक योजनांच्या अपयशाचेही कारण.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने हक्काचा प्रश्न एका परीने सोडविला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या पंचविसाव्या कलमाने भोगवट्याच्या जमिनीवरील झाडांचा हक्क जमीनधारकास दिला. परंतु त्याआधी १९६४ साली झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा झाला होता आणि साग, मोह, आंबा, चिंच, हिरडा, खैर, तिवस अशी झाडे त्याच्या अनुसूचीत होती. ती आपल्याच शेतात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. १९६९ साली आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसंबंधी स्वतंत्र कायदा आला. धुऱ्यावरचा मोठा साग ठेकेदाराने मीठ-मिरचीच्या भावाने उचलू नये, हा त्याचा हेतू स्तुत्य होता. म्हणून विक्री जिल्हाधिकारी व वनखाते यांच्यामार्फत व्हावी असे ठरले. हेतू चांगले, पण वाट लांब. अर्ज, मोजणी, सातबाऱ्यावरील नोंद, लाकडावर हातोड्याची निशाणी, वाहतुकीचा परवाना, अशा पायऱ्या चढता चढता कित्येक कास्तकारांनी मनाशी एक सोपा निर्णय घेतला. सागाचे रोप वीतभर असतानाच वखराखाली घालावे, म्हणजे पुढची कटकटच नको. झाडाच्या रक्षणासाठी केलेला कायदा असा रोपाच्या मुळावर आला.

इकडे कापसाचे प्रस्थ वाढतच गेले. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. विक्रीची हमी मिळाल्यामुळे शेतकऱ्याचा ओढा कापसाकडे अधिकच वळला. २००२ साली बीटी कापसास केंद्र सरकारने मान्यता दिली. बियाणे, खत, औषध हे सर्व विकत आणावयाचे, आणि कोरडवाहू शेतात पावसाच्या भरवशावर एकच पीक घ्यावयाचे, असा हा जुगार होता. बोंडअळी आली किंवा भाव पडले की वर्ष बुडाले. कारण त्या वर्षास दुसरा आधारच नव्हता. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा जो करुण अंत झाला, त्याची आठवण महाराष्ट्र दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग करून करतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्या सहांत यवतमाळ होते. इतक्या मोठ्या दुःखाचे एकच कारण सांगणे अन्यायाचे होईल. भाव, कर्ज, पाणी, आजारपण असे अनेक धागे त्यात गुंतलेले आहेत. परंतु ज्या घरास वर्षातून एकदाच मिळकत होते ते घर एका तडाख्यात कोसळू शकते, आणि जेथे मिळकत सात-आठ वाटांनी थोडी थोडी येते ते घर वाकते पण सहसा मोडत नाही, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

नदीचेही असेच झाले. या भागात पाऊस काही अगदी थोडा नाही. वर्षाकाठी सुमारे ९०० ते १००० मिलिमीटर पडतो. पण तो बहुतेक चार महिन्यांत आणि पुष्कळदा मोजक्या सरींत पडतो. पठाराखाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. उतारावर झाड असते तेव्हा पालापाचोळा सरीचा मार चुकवितो, मुळे माती धरून ठेवतात व पाणी भेगांतून खाली मुरते. तेच पुढे नाल्यात हळूहळू झिरपते. झाड गेले की पाणी धावते आणि माती बरोबर घेऊन धावते. मग पावसाळ्यात पूर, व उन्हाळ्यात कोरडे पात्र. नदी आटली की विहिरी आटतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! घरची मिळकत आणि नदीचा प्रवाह या दोहोंना एकच रोग जडला. जे काही यावयाचे ते एकदम यावे व एकदम निघून जावे.

या रोगावर उपाय झाले नाहीत असे नाही. त्यांत या जिल्ह्याच्या सुपुत्रांचा वाटा मोठा आहे. पुसदजवळील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि बांधबंदिस्तीस जोर आला. त्याच गावचे सुधाकरराव नाईक यांनी मुख्यमंत्रिपदी असताना १९९२ साली जलसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे केले. त्यांचा स्मृतिदिन, १० मे, हा राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. १९८२ साली सामाजिक वनीकरणाचे खाते निघाले. १९९० पासून रोजगार हमीशी जोडून फळबागांची लागवड सुरू झाली. पुढे केंद्र सरकारने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारले. असे धोरण करणारा भारत हा जगातील पहिला देश होय. २०१७ साली वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या दृष्टीने ‘झाड’ राहिला नाही, आणि आपल्या शेतातील बांबू तोडण्याची व नेण्याची मोकळीक शेतकऱ्यास मिळाली. त्याच सुमारास देशभर झालेल्या नदीरक्षणाच्या चळवळीतून खुद्द वाघाडीच्या खोऱ्यासाठी वृक्षाधारित शेतीचा विस्तृत आराखडा तयार होऊन राज्य शासनापुढे आला. यवतमाळचे नैसर्गिक शेती करणारे सुभाष शर्मा यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली, यावरूनही झाड, माती व पाणी यांचा एकत्र विचार करणाऱ्या शेतीस आता मान मिळू लागला आहे असे दिसते.

असे असता धुरे अजूनही मोकळे का दिसतात? कास्तकाराचे म्हणणे ऐकून न घेता त्यास आळशी वा अडाणी ठरविणे हा शहरी लोकांचा जुना दोष आहे. त्याचे आक्षेप वाजवी आहेत. झाडाच्या सावलीत पहिल्या दोन-चार तासांतील कपाशी खुरटते. सावली शेजाऱ्याच्या वावरात पडली तर भांडण उभे राहते. झाडावर पाखरे बसतात व ज्वारीची कणसे उतरतात. रोपे लावली तर शेळ्या खातात, शेळ्यांपासून राखली तर रोही तुडवितात. शिवाय आंब्यास पाच-सहा वर्षे आणि सागास वीस-पंचवीस वर्षे थांबावयाचे, आणि बँकेचा हप्ता मात्र येत्या मार्चात! सुबाभळीची व निलगिरीची लाट पूर्वी येऊन गेली. झाडे लावा म्हणणारे पुष्कळ भेटले, ती विकत घेणारे वेळेवर भेटले नाहीत. म्हणून केवळ रोपे वाटून आणि वनमहोत्सवाची भाषणे करून हे काम होणारे नाही.

इतिहास यावर जे सांगतो ते असे. पहिली गोष्ट, झाडे मिळकतीच्या तिथीप्रमाणे निवडावी. एकाच जातीची हजार रोपे लावणे म्हणजे कापसाचीच चूक लाकडात करणे होय. सीताफळ व शेवगा लवकर देतात, बोर व आवळा मधल्या काळात, आंबा व चिंच पुढे, आणि साग व बांबू हे धुऱ्यावरचे ठेवे. अशी उतरंड लावली म्हणजे वर्षातील रिकामे महिने पुन्हा भरतात. दुसरी गोष्ट, पहिल्या तीन वर्षांचा भार कास्तकाराने एकट्याने वाहू नये. कुंपण, पाणी व मेलेल्या रोपांची भरपाई ही जितकी त्याची तितकीच नदीचे पाणी पिणाऱ्या खालच्या गावांची व शहरांचीही जबाबदारी आहे. तिसरी गोष्ट, उगमाकडील उतारावर मोठी झाडे व गवत, मधल्या पट्ट्यात फळझाडे, आणि खाली काळ्या जमिनीत पीक व धुऱ्यावर बाभूळ, अशी सबंध खोऱ्याची मांडणी व्हावी. नदी सातबाऱ्याच्या हद्दी ओळखत नाही. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, झाड लावणाऱ्याचा झाडावरील हक्क निःशंक असावा. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली त्या गावाने आपला बांबू आपल्या परवान्याने विकला. तेथे रान मोडले नाही. उलट राखले गेले. कारण ज्याचे त्यास मिळाल्यावर राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

वाघाडीच्या खोऱ्यातून झाड एका दिवसात गेले नाही. ते कापसाच्या भावाने, इजाऱ्याच्या कराराने, वनखात्याच्या वर्गवारीने आणि परवान्याच्या भीतीने एकेक पाऊल मागे सरत गेले. परत येईल तेही असेच एकेक पाऊल, धुऱ्याधुऱ्याने येईल. शहरातील कुटुंबाने सीताफळ, चारोळी, चिंच वा मध विकत घेताना एवढे ध्यानी धरावे की, तो पैसा कास्तकाराच्या घरी चैत्र-वैशाखात किंवा ऐन पावसाळ्याच्या शेवटी पोहोचतो, म्हणजे ज्या दिवसांत कापसाचा पैसा संपलेला असतो त्याच दिवसांत. जमेच्या बाजूस अशा चार ओळी पडल्या तर मृगाच्या तोंडावर सावकाराचा उंबरठा चढण्याची पाळी त्या घरावर येणार नाही. आणि त्या झाडांच्या मुळाशी मुरलेले पाणी उन्हाळ्यात वाघाडीच्या पात्रात पुन्हा दिसू लागेल.